वेल्सचा जिना, एक जुना प्लॅटिनम प्रिंट आणि माझे ४३ फोटो

ब्रिस्टलकर

मंडळी, प्रश्न शेवटी आहे. घाई असेल त्यांनी थेट शेवटचा परिच्छेद वाचावा.

आईबाबा कोल्हापूरहून आलेत, त्यांना घेऊन गेल्या महिन्यात वेल्सला गेलो (वेल्स देश नव्हे, इंग्लंडमधलं त्याच नावाचं गाव). गाव एवढंसं आणि कॅथेड्रल अवाढव्य. आत उत्तरेच्या बाजूला एक दगडी जिना आहे. खालून रुंद सुरू होतो, वर जाता जाता त्यातल्या निम्म्या पायऱ्या उजवीकडे वळून चॅप्टर हाउसच्या (कॅथेड्रलच्या धर्मगुरूंचं सभागृह) दारात शिरतात आणि उरलेल्या सरळ पुढे वर जातात. सातशे वर्षं माणसं चढली-उतरली, त्यामुळे पायऱ्या बशीसारख्या झिजल्यात. आई म्हणाली, "जिना बघायला एवढ्या लांब आणलंस होय रे?"

खरं सांगायचं तर हो, जिना बघायलाच गेलो होतो. फ्रेडरिक एच. एव्हान्स नावाच्या इंग्रज माणसाने १९०३ साली या जिन्याचा फोटो काढला. नाव 'अ सी ऑफ स्टेप्स', पायऱ्यांचा समुद्र. त्यात पायऱ्या खरोखर लाटेसारख्या उसळून उजवीकडे फुटतात. मी त्याच जागी उभा राहून, बसून आणि एकदा जवळजवळ आडवा होऊन ४३ फोटो काढले. ४३ही फोटो जिन्याचेच आले. समुद्र एकातही नाही.

मग लंडनला व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) संग्रहालयात आधी वेळ ठरवून त्याचा मूळ प्रिंट पाहिला. प्लॅटिनम प्रिंट. आकार शाळेच्या वहीच्या पानाएवढा. काचेशिवाय, समोर टेबलावर. चमक अजिबात नाही. सावलीत डोळा घातला की तो आत आत जात राहतो, कुठे भिंतीवर आपटत नाही. पंधरा मिनिटं बघत बसलो.

प्रश्न असा: हे नेमकं कशामुळे? प्लॅटिनम हा प्रकारच असा आहे, की एव्हान्स तसा होता, की मी भारावलो होतो? इथे कोणी असे प्रिंट करतं का?

चकली_भाजणी

पैला नंबर माझा. ४३ पैकी एक तरी डकवा की राव, फोटोच्या धाग्यावर फोटो नाही म्हणजे मिसळ बिनतर्रीची.

वायरमन

प्लॅटिनम म्हणजे ते दागिन्यांचं प्लॅटिनम?? फोटोत?? हा धागा बायकोला दाखवू नका कोणी.

अंधारखोली

वायरमन, हो, तेच. पण दागिन्याइतकं नाही, एका प्रिंटमध्ये अगदी कणभर. तरी रसायनाची छोटी बाटली मागवताना हात थरथरतो हे खरं. मी पुण्यात गेली सहा वर्षं हौसेने प्लॅटिनम-पॅलेडियम (पॅलेडियम म्हणजे प्लॅटिनमचाच भाऊबंद धातू) प्रिंट करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या आजोबांचे जे काळेपांढरे फोटो असतात ते चांदीचे. त्यात कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चांदीचे कण त्या थरात अडकलेले असतात. म्हणजे चित्र कागदाच्या *वर* असतं. प्लॅटिनममध्ये असा थरच नाही. लोखंडाचं एक क्षार (फेरिक ऑक्झलेट) आणि प्लॅटिनमचं क्षार एकत्र करून ते ब्रशने थेट कागदाला फासायचं. सुकलं की वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं. उजेड लागेल तिथलं लोखंड बदलतं. मग पोटॅशियम ऑक्झलेटच्या द्रावणात टाकलं की ते बदललेलं लोखंड प्लॅटिनमच्या क्षाराचा धातू करून टाकतं आणि तो धातू कागदाच्या धाग्यांतच बसतो. शेवटी सौम्य आम्लात धुऊन उरलेलं लोखंड काढायचं. म्हणून चमक नाही, आणि म्हणून डोळा आत जातो. तिथे खरंच 'आत' आहे.

हे विल्यम विलिस या इंग्रजाने शोधलं, पहिलं पेटंट १८७३ चं. पुढे त्याच्या कंपनीचा तयार कागद बाजारात मिळायचा, एव्हान्स तसाच कागद वापरणारा.

दुसरी गोष्ट. हा कागद मंद आहे, त्याला भरपूर अतिनील प्रकाश लागतो. त्यामुळे एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून छापायचं यंत्र) चालत नाही. निगेटिव्ह जेवढी, प्रिंट तेवढा. वहीच्या पानाएवढा प्रिंट म्हणजे कॅमेऱ्यात वहीच्या पानाएवढी काच. ती काच, तिपाई आणि लाकडी डबा घेऊन तो कॅथेड्रलमधून हिंडत होता.

आता ज्यासाठी मी हे सगळं सोसतो तो क्षण. उन्हातून आणलेल्या कागदावर चित्र पुसट, मातकट दिसतं. कोणी बघितलं तर म्हणेल बिघडलं. ट्रेमध्ये ठेवून डेव्हलपर (तेच ऑक्झलेटचं द्रावण) एका झटक्यात ओततो, आणि पाणी कडेपर्यंत पोचायच्या आत अख्खं चित्र उभं. चांदीसारखं हळूहळू उमलत नाही. हात अडखळला तर जिथे थांबला तिथे रेघ कायमची. माझ्याकडे अशा रेघांचा संग्रह आहे.

चकली_भाजणी

वा! वाखुसा (वाचनखूण साठवली). रेघांचा संग्रह पण डकवा.

स्थापत्य_सुमेधा

अंधारखोली यांचा प्रतिसाद सुंदर. तरी माझं मत वेगळं आहे. मी वास्तुविशारद आहे म्हणून असेल, पण त्या फोटोत मला आधी कॅमेऱ्याची जागा दिसते, कागद नंतर.

ब्रिस्टलकर, तुमच्या फोटोंत दोन्ही बाजूंचे खांब वर जाताना एकमेकांकडे झुकलेत का? पैजेवर सांगते, झुकलेच असणार. फोन वर तिरपा केला की असंच होतं. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यात पाठीमागची काच ओळंब्यात ठेवून फक्त भिंग वर सरकवता येतं. त्यामुळे उंच कमानही चौकटीत येते आणि खांब सरळसोट उभे राहतात. बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण पाय जमिनीवर घट्ट असल्यासारखं वाटतं. मग त्या सरळ उभ्या रेषांसमोर पायऱ्या तेवढ्या वाकड्या, म्हणून त्या हलतात. समुद्र तिथे आहे.

शिवाय तो जिना एका काळातला नाही. चॅप्टर हाउस १३०६ च्या सुमारास पूर्ण झालं. त्याच्या दारात वळणाऱ्या पायऱ्या त्याच्या थोड्या आधीच्या. सरळ वर जाणाऱ्या पायऱ्या दीडशे वर्षांनंतरच्या, १४५९-६० च्या, जेव्हा 'चेन गेट' नावाचा पूल बांधला. गायकवृंदातल्या लोकांना आपल्या भोजनगृहातून रस्त्यावर न उतरता थेट कॅथेड्रलमध्ये येता यावं म्हणून हा पूल. (रस्त्यावर उतरले की वाटेत नको त्या ठिकाणी थांबायचे, अशी शंका वरिष्ठांना असावी असं आपलं मला वाटतं.) म्हणजे जुन्या जिन्याला नवा जोडताना जो तिढा पडला, तोच साडेचारशे वर्षांनी फोटोचा विषय झाला. गवंड्याच्या मनात सौंदर्य होतं की नुसती अडचण, कोण जाणे.

आणि चॅप्टर हाउसच्या आत गेलात ना? मधल्या एका खांबातून ३२ फासळ्या छताला फुटतात. ताडाच्या झाडाखाली उभं राहिल्यासारखं.

ब्रिस्टलकर

सुमेधाताई, पैज जिंकलात. सगळे खांब झुकलेत. एकात तर दोन दारुडे गळ्यात गळा घालतायत असं वाटतं.

आत गेलो होतो. बाबा त्या खांबाला टेकून बसले आणि म्हणाले की सभा भरवायला जागा झकास आहे.

डिजिटल_दिगू

एवढं काय त्यात. एचडीआर (कमीजास्त उजेडाचे फोटो एकत्र करायची सोय) लावा, पाच एक्स्पोजर जोडा, काळापांढरा करा, वर थोडं मॅट फिल्टर. दहा मिनिटांचं काम. जुनं ते सोनं (इथे प्लॅटिनम) हा आपला राष्ट्रीय आजार आहे.

अंधारखोली

दिगूशेठ, एचडीआरचा हेतू काय? खिडकी पांढरी फटक होऊ नये आणि कोपरा काळाठिक्कर होऊ नये. बरोबर? प्लॅटिनम कागद नेमकं तेच १३० वर्षांपूर्वी करत होता. काळ्यापांढऱ्यात खूप तफावत असलेली निगेटिव्हसुद्धा तो पचवतो आणि मधल्या छटा एकसारख्या उतरवतो. कॅथेड्रलच्या आतला उजेड म्हणजे एकीकडे भगभगीत खिडकी, दुसरीकडे गुहा. त्या विषयाला हा कागद जणू मापाने शिवलेला.

एक कबुलीही देऊन टाकतो, कारण प्लॅटिनमवाले ती देत नाहीत. प्लॅटिनमचा काळा हा खरा काळा नसतो. चकचकीत चांदीच्या कागदावरचा काळा त्यापेक्षा कितीतरी गडद. आमचा काळा म्हणजे विझलेल्या कोळशाचा. त्याची गंमत अशी की सगळ्यात गडद कोपऱ्यातही थोडी हवा राहते.

कडूकारलं

सगळे आरती करताय म्हणून मी काडी टाकतो.

हा एव्हान्स 'शुद्ध' छायाचित्रणाचा मोठा पुरस्कर्ता. निगेटिव्हला हात लावणार नाही, प्रिंटवर कुंचला फिरवणार नाही, ही त्याची भूमिका. ठीक. मग हाच गृहस्थ कॅथेड्रलवाल्यांना गळ घालून खुर्च्या हलवून घ्यायचा, गॅसबत्तीची फिटिंगं उतरवून घ्यायचा, हे कुठल्या शुद्धतेत बसतं? निगेटिव्ह शुद्ध आणि इमारत खोटी! १९०३ साली तिथे गॅस होता, खुर्च्या होत्या, माणसं होती. त्याच्या फोटोत मध्ययुग आहे. हे मध्ययुग त्याने सामान हलवून तयार केलंय.

आणि गाजला कसा? तर लंडनला चीपसाइडजवळ पुस्तकांचं दुकान होतं, गिऱ्हाइकांत नाटककार बर्नार्ड शॉ. अमेरिकेत छायाचित्रकार स्टिग्लिट्झच्या 'कॅमेरा वर्क' या नियतकालिकाने ऑक्टोबर १९०३ चा चौथा अंक याला वाहिला तेव्हा कौतुकाचा लेख कोणाचा? शॉचा. आमच्याकडे याला 'आपला माणूस' म्हणतात.

स्थापत्य_सुमेधा

कारल्या, तुझ्या पहिल्या मुद्द्याशी मी निम्मी सहमत आहे. दुसऱ्याशी मुळीच नाही. शॉ स्वतः फोटो काढायचा, त्याला त्यातलं कळत होतं. आणि ओळखीवर कोणी सव्वाशे वर्षं टिकत नाही.

उलट त्या दुकानाची दुसरी गोष्ट सांग की. जवळच एका विमा कंपनीत कारकुनी करणारा एक किडकिडीत पोरगा जेवणाच्या सुट्टीत यायचा, पुस्तकं चाळायचा, पैसे नसले तर चित्रं देऊन पुस्तकं न्यायचा. तो ऑब्रे बिअर्डस्ली, पुढे गाजलेला चित्रकार. त्याला प्रकाशक डेंटकडून पहिलं मोठं काम एव्हान्सनेच मिळवून दिलं. आपला माणूस, आपला माणूस म्हणतोस तर हाही धर.

कडूकारलं

धरला. खुर्च्यांचं काय?

अंधारखोली

खुर्च्यांचं मी सांगतो. त्या काळात 'कलात्मक' फोटो म्हणजे काय होतं हे लक्षात घ्या. फ्रान्समध्ये रोबेर दमाशी वगैरे मंडळी गम प्रिंटवर (डिंकाच्या थरात छापलेल्या फोटोवर) ब्रश घासून फोटोचं खडूचं चित्र करत होती. त्या गोतावळ्यात, 'लिंक्ड रिंग' मंडळात, १९०० साली एव्हान्स शिरला आणि म्हणाला की मला जे करायचं ते मी कॅमेऱ्याचं झाकण उघडण्याआधी करेन, नंतर नाही. खुर्ची हलवणं हे आधीचं. तिथेच दिवसच्या दिवस थांबून ऊन कुठल्या खांबावर कधी येतं हे बघणं, हेही आधीचंच. पुस्तकांचं दुकान त्याने १८९८ ला बंद केलं, वय ४५. त्यानंतर त्याच्याकडे वेळच वेळ होता.

बाकी माणसं हलवायची त्याला गरज नव्हती. भिंगाचं तोंड बारीक करून कित्येक मिनिटांचं एक्स्पोजर. मधून कोणी चालत गेला तर काचेवर उमटतच नाही.

वायरमन

म्हणजे बारशाला बोलावू नये असा फोटोग्राफर.

रत्नांग्रीचो

अंधारखोली, पुण्यात ठीक आहे, आमच्याकडे जमेल का हे? पावसाळ्यात आमच्या भिंतींनासुद्धा बुरशीची नक्षी येते.

अंधारखोली

तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. दमट हवा ही प्लॅटिनमची सवत. विलिसच्या काळात तयार कागद डबाबंद पत्र्याच्या नळीत यायचा आणि नळीत कॅल्शियम क्लोराइड घातलेलं असायचं, ओल शोषायला. ओल लागली की पांढरा भाग धुरकट आणि काळा भाग मेलेला. आज आम्ही स्वतः फासतो तेव्हा उलट थोडी ओल लागते, कागद अगदी कडक सुकला तर रसायन फासलं जात नाही नीट. पण 'थोडी' म्हणजे थोडी. जुलैत मी दुकान बंद ठेवतो.

रत्नांग्रीचो

पापडाच्या डब्यात तांदूळ घालतो तसंच की.

चकली_भाजणी

तांदूळ नाही हो, आमच्याकडे पापडाच्या डब्यात हिंगाचा खडा. (अवांतराबद्दल क्षमस्व.)

रत्नांग्रीचो

हिंग वासाला. ओलीला तांदूळच.

उत्तरायण

धागा वाचतोय, मजा येते आहे. पापड जरा बाजूला ठेवा.

मी ७४ वर्षांचा. वडिलांचा सांगलीला फोटो स्टुडिओ होता, अर्थात चांदीचा कागद. आमच्याकडचे १९५० च्या आसपासचे लग्नाचे फोटो आज कडेने आरशासारखे निळसर झालेत, काही पिवळे पडले. चांदीला हवेतलं गंधक खातं. प्लॅटिनमला हवा काही करू शकत नाही. चित्र टिकतं, खालचा कागदच आधी ठिसूळ होतो.

एक गंमत मी स्वतः पाहिली आहे. मुलाकडे अमेरिकेत गेलो असताना तिथल्या जुन्या बाजारात एक अल्बम मिळाला, कोणा अनोळखी घरातला, १९०० च्या आसपासचा. एका पानावर टोपीवाल्या बाईचा फोटो, समोरचं पान कोरं. पण त्या कोऱ्या पानावर तीच बाई, तपकिरी, फिकट, उलटी! मला वाटलं पाण्याचा डाग. नंतर जाणकाराने सांगितलं की हीच प्लॅटिनमची खूण. शंभर वर्षं चिकटून राहिल्यावर प्लॅटिनम समोरच्या कागदाला पिवळं पाडतं, जिथे धातू जास्त तिथे जास्त. स्वतः जराही झिजत नाही. अल्बम महाग होता, घेतला नाही. ते अजून खुपतं.

रसायनी

उत्तरायणकाका, तुमच्या कोऱ्या पानावरच्या भुताचं कारणच एव्हान्सच्या शेवटाचंही कारण आहे.

प्लॅटिनम उत्प्रेरक आहे, म्हणजे स्वतः खर्च न होता शेजाऱ्यांत भांडण लावून देणारा. तुमच्या अल्बममध्ये त्याने कागद पिवळा केला. कारखान्यात हेच प्लॅटिनम वापरून गंधकाम्ल बनायचं आणि अमोनियापासून नायट्रिक आम्लही बनतं, आणि नायट्रिक आम्लाशिवाय स्फोटकं नाहीत. १९१४ ला युद्ध लागलं. जगातलं बहुतेक प्लॅटिनम तेव्हा रशियातल्या उरल पर्वतातून यायचं. एकीकडे पुरवठा आटला, दुसरीकडे दारूगोळ्याची मागणी वाढली, भाव कडाडला. फोटोच्या कागदाला कोण देतो? विलिसच्या कंपनीने १९१६ च्या सुमारास पॅलेडियमचा कागद आणला. एव्हान्सला प्लॅटिनमशिवाय काही रुचेना, त्याने जवळजवळ कॅमेराच ठेवून दिला. जगला मात्र १९४३ पर्यंत.

कडूकारलं

म्हणजे प्लॅटिनम गेलं आणि फोटोग्राफरही संपला. मग धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर 'कागद' असंच झालं की! सुमेधाबाई, तुमची कॅमेऱ्याची जागा हरली.

स्थापत्य_सुमेधा

हरली कशी? 'कॅमेरा वर्क'मध्ये त्याचे फोटो छापले गेले ते शाईने. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं ते बरंचसं शाईतले फोटो बघून. मीही 'सी ऑफ स्टेप्स' फक्त पडद्यावर पाहिलाय, प्लॅटिनमचा कण माझ्या डोळ्यापर्यंत कधी पोचलेला नाही. तरी तो जिना माझ्या अंगावर येतो. ते काय कागदामुळे?

तो आधी शिंपले नि समुद्री जीवांचे कवच सूक्ष्मदर्शकातून टिपायचा, १८८७ साली त्यासाठी त्याला फोटोग्राफिक सोसायटीचं पदकही मिळालं होतं. शिंपल्याचा पीळ बघून बघून सराव झालेल्या माणसाला त्या वळणाऱ्या पायऱ्या दिसल्या. इतरांना जिना दिसला. त्याने स्वतःच त्या झिजलेल्या पायऱ्यांना लाटेची उपमा दिली आहे.

डिजिटल_दिगू

मुद्दा पटला (लिहायला जड जातंय). ब्रिस्टलकर, मला एक फाइल पाठवा, खांब सरळ करून देतो. तेवढं तरी सॉफ्टवेअरला जमतं.

अंधारखोली

आणि सरळ झाली की मला पाठवा. डिजिटल निगेटिव्ह काढून प्लॅटिनम प्रिंट करतो. प्रयोगच होऊन जाऊ दे, तोच जिना, तोच कागद, माणूस वेगळा. फक्त पाऊस थांबू दे.

चकली_भाजणी

आता कशी रंगली मिसळ.

ब्रिस्टलकर

(तीन महिन्यांनी धागा वर काढतोय.)

प्रिंट आला! अंधारखोलींनी ऑक्टोबरच्या उन्हात केला आणि मावसभावाच्या हाती पाठवला. दिगूने खांब ओळंब्यात आणले होते. कागद हातात घेतला आणि तेच. तोच कोळशाचा काळा, तोच आत जाणारा कोपरा. पायऱ्यांच्या झिजलेल्या कडांवर उजेड अगदी पिठासारखा बसलाय. पडद्यावर ही फाइल मी शंभरदा पाहिली होती, हे दिसलं नव्हतं.

पण मंडळी, डाव्या कोपऱ्यात पितळी खांबांना बांधलेली दोरी आहे आणि तिच्यावर 'पायऱ्या जपून उतरा' अशा अर्थाची पाटी. फोटो काढताना मला दिसलीच नव्हती, ४३ पैकी ४३ फोटोंत आहे. प्लॅटिनममध्ये त्या पाटीच्या प्लास्टिकला काय छटा आल्यात म्हणून सांगू! नजर पायऱ्यांवरून निघते आणि पाटीवर येऊन बसते.

कडूकारलं

खुर्च्या हलवण्याबद्दलचे माझे शब्द मागे घेतो.

अंधारखोली

मला निगेटिव्ह काढतानाच दिसली होती. पण नंतर काही पुसायचं नाही असं आधीच बोलून बसलो होतो ना.

ब्रिस्टलकर

पुढच्या वेळी तिथल्या माणसाला दोरी बाजूला घ्यायची विनंती करून बघतो. आई मार्चमध्ये परत येतेय, म्हणते मीच विचारते, तुला जमायचं नाही.